जावयाचं पान

मधलाखारच्या शिवदासांच्या तळ्यात जिताडे मासे मरून उलटे पडलेत, ही बातमी आमच्या कंपनीत सकाळच्या चहाबरोबर आली. मे महिना होता. आदल्या दिवशी क्रिकेटची फायनल झाली होती. आमच्या साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि माझ्या हातात रिकामी बाटली दिली. तळ्याचं पाणी भरून आण म्हणाले, आणि तिथे कोणाशी बोलू नकोस.

मी गेलो आणि बोललो. त्या बोलण्यातून पुढे माझं लग्न झालं. जिच्याशी झालं ती क्रांती आता नाही. हे सांगायला बसलो की भीती वाटते. न सांगता राहिलो तर विसरेन, ही भीती जास्त आहे. म्हणून सांगतो.

मी धनेश. गाव पालीजवळ, घरची भातशेती. आमच्याकडे पाणी म्हणजे नदीचं, गोडं. खारेपाट मी नोकरीसाठी आलो तेव्हाच पाहिला. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध, आत भातजमीन आणि घराशेजारी प्रत्येकाचं एक तळं. पोयनाडच्या पुढे, त्या जमिनीत भराव घालून आमची कंपनी उभी आहे. तिला एकही खिडकी नाही. गावातले लोक तिला 'बिनखिडकीची' म्हणतात. माणसं फोनवर जे बघतात, पाठवतात, साठवतात, ते आतल्या मशीनमध्ये असतं. मशीन तापतात, आणि त्यांना थंड ठेवायचं काम माझ्या खात्याचं.

तळ्यावर पोहोचलो तर एक मुलगी गुडघाभर पाण्यात उभी होती. ओढणी कमरेला बांधलेली, काखेत टोपली. मेलेले जिताडे वेचत होती. एकेक मासा माझ्या हाताएवढा लांब. मी बाटली धरून नुसता उभा राहिलो.

तिने माझ्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं... आणि पुन्हा शर्टाकडे.

"बाटली ठेवा बाजूला," ती म्हणाली. "टोपली धरा तिकडून. जड आहे."

मी धरली. नारळाच्या बुंध्याशी खड्डा करून आम्ही मासे पुरले. तिचे वडील, शिवदास, ओटीवर बसून होते. त्यांनी एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. मग ती मला तळ्याला येऊन मिळणाऱ्या नाल्यापाशी घेऊन गेली आणि हात घाला म्हणाली. मी घातला. उन्हाने पाणी वरून तापतं. हे तळापर्यंत गरम होतं.

"तुमच्याकडचं?" तिने विचारलं.

नोकरी नवी होती, साहेबांनी बजावलं होतं. पण हात अजून त्या पाण्यातच होता.

"हो," मी म्हणालो.

ती भांडायच्या तयारीने उभी होती. 'हो' ऐकून तिला पुढे काय करावं ते सुचेना. तिने ओल्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले आणि चहा घेणार का विचारलं. हाताचा माशांचा वास साबणाने जात नव्हता. त्याच हातांनी आम्ही बश्या धरून चहा प्यायलो.

मी नेलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला. मासे उन्हाने मेले असावेत, असं त्यात होतं.

क्रांतीचं गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सातबारा काढायचा, दाखला काढायचा, बिल भरायचं तर सगळे तिच्याकडे यायचे. मी खोलीचं वीजबिल घेऊन गेलो. पुढच्या आठवड्यात मोबाइलचं बिल नेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात घरमालकाचं बिल मागून नेलं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावरचं नाव वाचलं.

"आता पुढच्या वेळी काय, ग्रामपंचायतीचं आणणार?"

"चालतं का तुमच्याकडे?"

"चालतं. पण मग सरपंच व्हावं लागेल तुम्हाला." हे म्हणताना ती कॉम्प्युटरकडेच बघत होती. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

तिथेच एकदा तिने विचारलं, त्या इमारतीत नक्की काय होतं. मी सांगितलं. छपरावरचे टॉवर दिवसरात्र पाणी उडवतात, त्याने मशीन निवतात. काही पाण्याची वाफ होते. उरलेलं दाट होत जातं, त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषध घालतात, आणि शेवटी ते सोडून द्यावं लागतं. आधी टाकीत निववायचं, साफ करायचं, मग सोडायचं, असा नियम आहे. पण फायनलच्या दिवशी सगळा मुलूख एकदम फोनवर होता, वर मे महिन्याचं ऊन. टॉवर दमले, टाकी भरली, आणि पाणी तसंच नाल्यात गेलं.

तिने टेबलावरचा फोन उचलला.

"मेलेल्या माशांचे फोटो मी सगळ्या ग्रुपवर टाकले होते," ती म्हणाली. "ते पण तिथेच ठेवलेत?"

"तिथे, नाहीतर तसल्याच दुसऱ्या इमारतीत."

"अजून?"

"कोणी पुसले नसतील तर अजून."

तिने समोरचा कॉम्प्युटर पाहिला, मग हातातला फोन. तिचं पोट त्याच्यावर होतं. माझंही होतं. आम्ही दोघांनी ते बोलून दाखवलं नाही.

तोवर मी तिला रोज सकाळी गुलाबाचा फोटो पाठवायचो. दव पडलेला गुलाब, खाली शुभ सकाळ. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तोपर्यंत आमच्यात अहो-जाहो होतं.

"हे गुलाब बंद कर," ती म्हणाली. "यायचं तर स्वतः ये."

मी म्हणालो, एका गुलाबाने काय होतंय, थेंबभर पाणीसुद्धा लागत नाही त्याला.

"थेंबे थेंबे तळे साचे, शिकलास ना शाळेत? आटतं पण तसंच."

मला खरं तर एवढंच ऐकू आलं की ती मला 'तू' म्हणाली.

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. फोटो नाही, व्हिडिओ नाही, नुसतं 'जेवलीस का' पण नाही. फोन कामाचा असेल तरच. बाकी जे असेल ते भेटून. मग मी ड्युटी संपली की सायकलवरून बांधाने जायचो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भात. लांबून ती दिसायची, बांधावर चप्पल काढून बसलेली. मी जवळ आलो की ती दुसरीकडे बघायची, जणू बगळे मोजायलाच आलीय. आठवडाभराचं बोलणं साठलेलं असायचं, आणि समोर आल्यावर दोघांनाही एक शब्द सुचायचा नाही. एकदा तिने माझ्या बाहीवरची चिखलाची खपली नखाने काढली. बस, तेवढंच. मी तो शर्ट बरेच दिवस धुतला नाही.

पण भीती होती. ती तेव्हापासूनच आहे. गावात सगळे सणाची, मॅचची वाट बघायचे आणि मी घाबरायचो. पोरं पारावर मोबाइलभोवती गोळा झाली की मला टॉवरचा आवाज ऐकू यायचा. टाकी भरत आली की मी क्रांतीला एकच शब्द पाठवायचो. 'पाणी.' ती धावत जाऊन नाल्याच्या तोंडाशी फळ्या टाकायची, म्हणजे ते पाणी तळ्यात न शिरता बाहेरून खाडीकडे जायचं. मग तिचा निरोप यायचा. 'पाणी ठीक.' कंपनीतली बातमी बाहेर दिली म्हणून माझी नोकरी जाऊ शकत होती. आणि खाडीकडे गेलेलं पाणी पुढे कोणाच्या जाळ्यात जात होतं, याचाही मी विचार करायचो. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता.

थंडीत, पोपटीच्या दिवसांत मी तिला विचारलं. शेतात शेंगा भरलेलं मडकं जाळात लावलं होतं, वालाच्या शेंगांचा वास सुटला होता. तिचा चेहरा जाळाने एका बाजूने तांबडा दिसत होता.

"क्रांती, मी तुझ्या बाबांना... म्हणजे तुला चालणार असेल तर —"

"तर काय?"

"तर विचारू म्हणतो."

"काय विचारणार? तळ्याचं पाणी भरून नेऊ का?"

मग तिनेच एक गरम शेंग सोलली, फुंकर मारली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "विचार," ती म्हणाली. "पण ते नाही म्हणतील. आणि माझ्यासाठी म्हणणार नाहीत. तळ्यासाठी म्हणतील."

तसंच झालं. शिवदासांनी मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग तळ्याकडे हात केला.

"आमच्यात जावयाच्या पानात घरच्या तळ्याचा जिताडा वाढतात. माझ्या बानं वाढला, आज्यानं वाढला. माझा तळा रिकामा हाय. तुमच्या पानात काय वाढू? तुमच्या कंपनीचा पानी?"

बाजारात जिताडा मिळतो, हे मी म्हणालो नाही. तेवढं मला एव्हाना कळत होतं. विकतच्या माशाने जावयाला जेवू घालणं म्हणजे घर बुडालं असं सांगणं. आणि तळ्यात पिल्लं सोडली तरी पानात वाढण्याजोगा जिताडा व्हायला दोन-तीन वर्षं जातात. त्या वर्षांत मॅच होणार होत्या, सण होणार होते. एकदा जरी फळ्या पडायला उशीर झाला, की पुन्हा पहिल्यापासून.

तोड क्रांतीनेच काढली. वडिलांसमोर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, लग्न आता करा. जिताडा मोठा होईल तेव्हा जावयाचं पान वाढा. तोवर हा जावई नाही, पाहुणा. पाहुण्याला डाळभात चालतो.

शिवदास आत तोंड करून बायकोला म्हणाले, "कोकिळा, ही पोर कोनावर गेली गं?" आतून भांड्यांचा आवाज आला. पण शिवदास 'नाही' म्हणाले नव्हते.

लग्न पालीला बल्लाळेश्वराच्या साक्षीने झालं. शूटिंग नाही, ड्रोन नाही. पाहुण्यांचे फोन क्रांतीने हात जोडून खिशात ठेवायला लावले. माझा मामा रुसला. तिने त्याला दोन जिलब्या जास्त वाढल्या. एका फोटोवाल्याकडून एकच फोटो काढला, कागदावरचा. त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेत, कारण मी तिच्या कानात काहीतरी बोलत होतो. काय ते आता आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

जूनमध्ये भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं खाडीच्या तोंडाशी येतात. ती पकडायला आम्ही दोघं गेलो. मला पाग टाकता येत नव्हतं. जाळं गोल उघडण्याऐवजी माझ्याच डोक्यावर पडलं, आणि ती बांधावर बसून पोट धरून हसली. मग मागून येऊन तिने माझे दोन्ही हात धरले आणि जाळ्याची घडी कशी घ्यायची ते दाखवलं. तिचे हात गार होते, चिखलाने माखलेले. बोटाएवढी पिल्लं हंड्यात घालून आम्ही घरी आणली. तळ्यात सोडताना ती त्यांना म्हणाली, "लवकर मोठे व्हा रे. पाहुणे उपाशी आहेत."

मग ती मला पाहुणेच म्हणायला लागली. पोयनाडला आमची भाड्याची खोली होती, दिवसा ती मधलाखारला दुकानात असायची. सकाळी, "पाहुणे, उठा." संध्याकाळी, "पाहुणे, चहात साखर घालू का, की मी समोर बसले तर चालेल?" माहेरी गेलो की शिवदास माझ्या ताटात वालाचं बिरडं वाढायचे, तांदळाची भाकरी वाढायचे, मासा कधी नाही. जावई म्हणून हाकही मारायचे नाहीत. "अहो पाहुणे." मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी वाट बघत होतो.

पिल्लं कमी होत गेली. काही बगळ्यांनी नेली, काही एका गरम दुपारी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात एकच मोठा जिताडा उरला. क्रांती तांदळाचं धुवण टाकायला गेली की तो वर यायचा, पाण्यावर चांदीची रेघ उठायची. गणपती झाले की काढू, असं शिवदास म्हणाले. कोकिळाकाकूंनी केळीचं पान कोणतं कापायचं तेही बघून ठेवलं.

गणपतीत आमच्या खात्यात कोणालाच रजा मिळत नाही. घराघरातली आरती, विसर्जन, सगळं फोनवरून फिरत असतं. क्रांती गौरीसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, मी आहे तिकडे, तू टॉवर सांभाळ, मी तळं सांभाळते. पाऊस धो धो होता. नाला भरून वाहत होता, त्यात उंदरांची बिळं फुटलेली. फळ्या टाकायला ती कमरेएवढ्या पाण्यात उतरायची. मी 'पाणी' लिहायचो. तिचं उत्तर यायचं, 'पाणी ठीक.'

तिला ताप होता. अंग मोडून येत होतं. घरात पाहुणे, नैवेद्य, आरत्या. तिने गोळी घेतली आणि कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. फोन कामाचा असेल तरच, हा आमचा नियम होता, आणि तापाला ती काम मानत नव्हती. मी तिकडे मशीनच्या घरघरीत उभा राहून तिचा निरोप वाचायचो आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पाणी ठीक म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो.

तिचे डोळे पिवळे दिसले तेव्हा शिवदासांनी मला फोन केला. अलिबागच्या दवाखान्यात मी पोहोचलो तेव्हा ती शुद्धीत होती. डॉक्टरांनी लेप्टो सांगितलं, उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून होणारा ताप, आणि उशीर झाला म्हणाले. तिच्या ओठांना कोरड पडली होती. मी चमच्याने पाणी पाजलं.

"पाहुणे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "पान वाढल्याशिवाय जायचं नाही हं."

"कुठे जातोय मी," मी म्हणालो.

ती गेली. गौरी जाऊन थोडेच दिवस झाले होते.

लोक म्हणतात, तिचे व्हिडिओ बघत जा, बरं वाटेल. माझ्याकडे नाहीत. लग्नाचा नाही, पाग टाकतानाचा नाही, हसतानाचा नाही. तिचा आवाज कुठल्याच मशीनमध्ये ठेवलेला नाही. फोनमध्ये फक्त 'पाणी ठीक', 'पाणी ठीक', एकाखाली एक. नियम मोडायला हवा होता असं मी म्हणत नाही. तिने तो मनापासून केला होता आणि त्यामुळे ती मला रोज समोर भेटली. पण कधीतरी काम करता करता तिचा आवाज आठवायला जातो आणि तो क्षणभर येत नाही. तेव्हा मी जिन्याचा कठडा धरून उभा राहतो.

मी अजून तिथेच नोकरी करतो. कंपनीच्या मागे दुसरी इमारत उठते आहे, पहिलीपेक्षा मोठी. तिलाही खिडक्या नाहीत. टाकी भरत आली की आता मीच सायकल काढतो आणि फळ्या टाकून येतो. शिवदास कंदील घेऊन बांधावर उभे असतात.

परवा मी फळ्या टाकून वर आलो. त्यांनी माझ्या खांद्यावरचा चिखल पुसला.

"जावईबापू," ते म्हणाले, "औंदा जिताडा काढू."

त्यांनी मला पहिल्यांदा तशी हाक मारली. मला हो म्हणता आलं नाही. बघू म्हणालो. काढला तर तिने वाढवलेलं तळ्यात काही उरणार नाही. नाही काढला तर एखाद्या फायनलच्या दिवशी मला उशीर होईल, आणि तो उलटा पडलेला दिसेल. दोन्हींची भीती वाटते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरात गेलो, कोकिळाकाकूंनी डाळभात वाढला.

जिताडा अजून तळ्यात आहे. माझं पान अजून वाढलेलं नाही.